‘टाटा एअरलाइन्स’चा शेअर कधी निघालाच नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात): वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते, त्यामुळे विमानांचं वेड घरातूनच आलं. गेल्या वर्षी ‘कर्टिस-राइट’ या अमेरिकी कंपनीचं १९३०च्या दशकातलं शेअर सर्टिफिकेट ऑनलाइन ९,००० रुपयांना घेतलं. विकणाऱ्याने ते दुर्मीळ असल्याचं सांगितलं होतं. आता तोच माणूस आणखी दोन कागद देऊ करतोय. एक ‘राइट कंपनी’चं १९११चं सर्टिफिकेट, न्यूयॉर्कमध्ये नोंदलेलं, ‘नो पार व्हॅल्यू’ (म्हणजे दर्शनी किंमत नसलेलं), विल्बर राइटच्या सहीचं, ७५,००० रुपये. दुसरं ‘टाटा एअरलाइन्स लिमिटेड’चं १९३९चं, दहा शेअर्सचं, १८,००० रुपये. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. फ्रेमवाला म्हणतो, आधी लॅमिनेट करून घ्या, नाहीतर टिकणार नाहीत. आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर न्यू जर्सीच्या बहिणीकडे पाठवून तिकडे विकता येतील का? *– एक वाचक, नाशिक*

उत्तर:

दोन्ही कागद घेऊ नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. बहिणीकडे पाठवण्याचा प्रश्न कायद्याचा आहे, तो शेवटी पाहू.

आधी टाटांच्या कागदाबद्दल, कारण तो ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. ही सेवा चालवणारी कुठली वेगळी कंपनी नव्हती. ते टाटा सन्सचं विमान खातं होतं. पुढे ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव आलं तरी ते टाटा सन्सचंच अंग राहिलं. खात्याचे शेअर निघत नाहीत. लोकांना शेअर विकणारी कंपनी झाली २९ जुलै १९४६ रोजी, आणि तिचं नाव होतं ‘एअर इंडिया लिमिटेड’. तेव्हा १९३९ साली ‘टाटा एअरलाइन्स लिमिटेड’चे दहा शेअर्स कुणी कुणाच्या नावावर करणार? कागद कितीही पिवळा असो, ती कंपनीच नव्हती. फोटोतल्या सर्टिफिकेटवर मध्यभागी महाराजाचं चित्रही दिसतंय. तो महाराजा एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवला.

त्या काळातलं टाटांचं खरं काही हवं असेल तर लेटरहेड शोधा, पत्रासकट. कोरं लेटरहेड पुन्हा छापणं सोपं असतं आणि त्यातून माहितीही काही मिळत नाही. तारीख, मजकूर, सही, बाहेर जाणाऱ्या पत्राचा क्रमांक आणि पंचिंगची भोकं असलेलं पत्र असेल तर ते खरंच एखाद्या फाइलमध्ये राहिलेलं असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सही कुणाची आहे तेही पाहा. व्हिन्सेंट जानेवारी १९४२ मध्ये गेले, त्यामुळे त्यानंतरच्या तारखेखाली त्यांची सही असूच शकत नाही.

आता राइट कंपनीचा कागद. इथे विकणारा जरा जास्त अभ्यास करून आलाय. कंपनी नोव्हेंबर १९०९ मध्ये स्थापन झाली, भांडवल दहा लाख डॉलर, अध्यक्ष विल्बर. विल्बर ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने गेला. म्हणजे १९११ची सही तारखेच्या हिशेबात बसते. पण ‘नो पार’ बसत नाही. दर्शनी किमतीविना शेअर काढायला न्यूयॉर्क राज्याने कायद्याने मुभा दिली ती १९१२ साली, आणि अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. १९११च्या न्यूयॉर्क कंपनीच्या शेअरवर ‘नो पार’ छापलेलं असणं अशक्य आहे. शिवाय राइट कंपनी बाजारात उतरलेली नव्हती. मूठभर श्रीमंत गुंतवणूकदार, व्हँडरबिल्ट आणि बेलमाँट यांच्यासारखे, एवढेच भागधारक. विल्बरचा भाऊ ऑरव्हिल याने १९१४ मध्ये बहुतेकांचे शेअर विकत घेतले आणि १९१५ मध्ये कंपनी विकून टाकली. अशा कंपनीची सर्टिफिकेटं मुळातच मोजकी निघतात. त्यावर विल्बरची खरी सही असेल तर ७५,००० रुपयांत ते कुणी सोडणार नाही.

नुसती कडा पाहूनही मन थबकायला हवं होतं. गरुडाची, हिरव्या नक्षीची ही चौकट तयार कोऱ्या फॉर्मची आहे. शिकागोची ‘गोज’ ही छपाई कंपनी एकोणिसाव्या शतकापासून असे कोरे शेअर-फॉर्म छापत आली आहे. खरी गोम अशी की त्या काळातल्या छोट्या विमान कंपन्यांनीही हेच फॉर्म वापरले, कारण स्वतःची प्लेट कोरून घेणं परवडत नव्हतं. त्यामुळे तयार फॉर्म दिसला म्हणून कागद खोटा ठरत नाही. पण असा कोरा फॉर्म आजही सहज मिळतो आणि त्यावर कुठलंही नाव छापता येतं. अशा वेळी सगळा भरवसा बाकीच्या खुणांवर ठेवावा लागतो.

त्या खुणा तपासायला तीन वस्तू पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी.

भिंगाखाली रेषा पाहा. अमेरिकन बँक नोट कंपनीसारख्या छापखान्यांनी पोलादी प्लेटवरून छापलेल्या सर्टिफिकेटमध्ये प्रत्येक रेघ अखंड असते, शाई कागदावर उंच उभी राहते आणि बोटाच्या टोकाला खरखर लागते. लिथो छपाई सपाट असते, पण तिथेही रंग सलग दिसतो. भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे जमलेले दिसले तर तो आधुनिक ऑफसेट किंवा प्रिंटर. टोनरची शाई कागदावर बसलेल्या चकचकीत भुकटीसारखी दिसते. अनुक्रमांक बहुतेक वेळा वेगळ्या यंत्राने दाबून छापलेला असतो, त्याचा दाब मागच्या बाजूला जाणवतो. टाइपरायटरच्या अक्षरांचंही तसंच. उठावाचा शिक्का दोन्ही बाजूंनी हाताला लागायला हवा. नुसता करडा गोल दिसत असेल तर ते शिक्क्याचं चित्र आहे.

अक्षरांचं वळणही खूप काही सांगतं. टाइम्स न्यू रोमन १९३२ साली लंडनच्या एका दैनिकासाठी तयार झालं. कुरियर १९५०च्या दशकात आलं, हेल्वेटिका १९५७ मध्ये, एरियल १९८२ मध्ये. तुमच्या ‘१९११’च्या कागदावर कंपनीचं नाव स्वच्छ टाइम्स न्यू रोमनमध्ये आहे, फोटो मोठा करून पाहा. शाईचंही तसंच. बॉलपेन बाजारात आलं ते १९४५च्या सुमारास, आणि त्याआधीच्या तारखेखाली बॉलपेनची सही दिसली की तिथेच थांबा. जुनी फाउंटन पेनची शाई बऱ्याचदा तपकिरी पडते आणि मागच्या बाजूला हलकी उमटते.

टॉर्च अंधाऱ्या खोलीत वापरा. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर कागद गिरण्यांत रूढ झाली. अशा कागदावर टॉर्च मारला की तो निळसर पांढरा पेटतो. १९११चा कागद तसा पेटला तर तो १९११चा नाही. उलट मात्र खरं मानू नका. न चमकणारा कागद खरा असेलच असं नाही, कारण जुन्या वह्यांची कोरी पानं वापरणारेही आहेत. आणि कुणी धुऊन साफ केलेला कागद थोडा चमकू शकतो, म्हणून कोपऱ्याऐवजी मधली जागा आणि घडीच्या आतला भाग पाहा. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. खरा जुना कागद कडांना गडद होतो, घडीच्या आत फिका राहतो.

पट्टी लेटरहेडसाठी. ए-चार हे माप, २१० बाय २९७ मिलिमीटर, जर्मनीत १९२२ साली प्रमाण ठरलं, पण ब्रिटन आणि भारतातली कार्यालयं त्यानंतर कित्येक वर्षं क्वार्टो आणि फुलस्केप ही जुनी मापं वापरत राहिली. मुंबईच्या विमान कंपनीचं १९३५चं पत्र बरोबर ए-चार मापाचं असेल तर संशय घ्या. जर्मन कंपनीचं १९३५चं पत्र ए-चार असेल तर तेच योग्य आहे. याच ओघात आणखी काही भारतीय खुणा. कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ १९५६च्या कंपनी कायद्यानंतर आलं, त्याआधी नुसतं ‘लिमिटेड’, आणि सर्टिफिकेटवर १९१३च्या कायद्याचा उल्लेख. नये पैसे एप्रिल १९५७ नंतर, तोवर रुपये-आणे-पै. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. महसूल तिकिटावर सहावा जॉर्ज असेल तर कागद डिसेंबर १९३६ आधीचा असू शकत नाही. पाचव्या जॉर्जचं उरलेलं तिकीट नंतर लावलेलं असू शकतं, म्हणून ही खूण एकाच दिशेने चालते. ब्रिटिश कंपन्यांच्या लेटरहेडवर १९१७च्या कायद्यानंतर संचालकांची नावं येऊ लागली. संचालक कधी आले-गेले ते कळलं की तारखेचा अंदाज वर्षभराच्या आत येतो.

तुमच्याकडच्या कर्टिस-राइटबद्दल स्पष्ट सांगायला हवं: ९,००० रुपये खूप जास्त दिले. वैमानिक लिंडबर्गने मे १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक पार केला आणि अमेरिकेत विमान कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. १९२९ साली कर्टिस आणि राइट एकत्र होऊन ही अवाढव्य कंपनी बनली, तिचे शेअर हातोहात फिरले आणि दर खरेदीविक्रीला नवं सर्टिफिकेट निघालं, जुनं रद्द होऊन फाइलमध्ये गेलं. त्या फायलींचे गठ्ठे नंतर बाजारात आले. ही सर्टिफिकेटं आजही साधारण दहा ते तीस डॉलरला मिळतात. त्यावरच्या अध्यक्षांच्या सह्या बहुतेक छापील असतात, म्हणून ‘सहीचं’ म्हणून वाढीव किंमत कुणी मागितली तर देऊ नका. पण ते ठेवा. पोलादी प्लेटची छपाई हाताला कशी लागते, रद्द केल्याची भोकं कशी दिसतात, हे शिकायला तो उत्तम नमुना आहे. दुसरा कुठलाही कागद तपासताना तो शेजारी ठेवा.

रद्द केल्याच्या भोकांनी किंमत उतरते अशी अनेकांची समजूत आहे. या छंदात बहुधा उलट होतं. भोकं, शिक्का, मागच्या बाजूची हस्तांतराची सही, चिकटवलेली करतिकिटं, हे सगळं तो कागद खरोखर वापरला गेल्याचे पुरावे. न वापरलेली कोरी सर्टिफिकेटं सहसा स्वस्त असतात. ‘स्पेसिमेन’ (नमुना) असं भोकांनी लिहिलेले आणि शून्य क्रमांकाचे नमुने हा वेगळाच, बऱ्याचदा महाग प्रकार आहे. मात्र भोकाने सही किंवा मधलं चित्र खाल्लं असेल तर मोल कमी होतं.

नावाला फसू नका, हेही इथेच सांगतो. ‘सीबोर्ड एअर लाइन’ नावाची सर्टिफिकेटं विमान कंपनीची म्हणून विकली जातात, पण ती रेल्वे कंपनी आहे. आणि जर्मन सर्टिफिकेटं फार स्वस्तात दिसली तर बिचकू नका. बर्लिनच्या राइक्सबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या मध्यवर्ती बँकेच्या, तिजोरीतला लाखो रोख्यांचा साठा २००३ नंतर लिलावात आला, त्याने त्या काळातल्या बऱ्याच जर्मन कागदांचे भाव खाली आणले.

पुढचे पैसे कुठे घालावेत? एखादी साखळी पकडा. अमेरिकेचीच हवी असेल तर राइट-मार्टिन (१९१६), राइट एरोनॉटिकल (१९१९) आणि कर्टिस-राइट (१९२९) हा एकाच कंपनीचा वारसा आहे, आणि या तिन्ही कंपन्यांचे शेअर बाजारात होते. पण तुमच्यासारख्या माणसाने भारताकडे वळावं असं मनापासून वाटतं. कारण इथला काळ आटोपशीर आणि कथा संपूर्ण आहे. १९५३च्या कायद्याने, १ ऑगस्टपासून, खासगी विमान कंपन्यांचा व्यवसाय सरकारी महामंडळांकडे गेला. एअर इंडिया इंटरनॅशनलचं वेगळं महामंडळ झालं आणि आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या: एअर इंडिया, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, एअरवेज (इंडिया), भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज आणि कलिंग एअरलाइन्स. म्हणजे एअर इंडिया लिमिटेडच्या शेअरला उणीपुरी सात वर्षं मिळाली, १९४८च्या एअर इंडिया इंटरनॅशनलला पाच. या आठांपैकी प्रत्येकीचा एक कागद, मग तो शेअर असो, लेटरहेडवरचं पत्र असो की तिकिटाचं पाकीट, एवढं ध्येय पुष्कळ आहे. नागपूरचा धागाही जोडता येईल: १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात चार महानगरांची विमानं मध्यरात्री नागपूरला येऊन टपालाच्या थैल्या बदलत. त्या सेवेचं पत्रव्यवहारातलं काहीही सापडलं तर सोडू नका. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात काढलेली हिंदुस्तान एअरक्राफ्टही याच कथेतली, आणि ओझरच्या कारखान्याची ती पूर्वज. १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, म्हणजे त्याआधीचा काळ दोन वर्षांहूनही कमी. तिचा त्या काळातला कागद मिळाला तर तपासून, पण घासाघीस न करता घ्या.

हे कागद लिलावांपेक्षा रद्दीत जास्त सापडतात. फोर्टमधली जुनी दलालांची आणि सॉलिसिटरांची कार्यालयं रिकामी होतात तेव्हा फायली वजनावर जातात. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, जुन्या कागदवाल्यांना सांगून ठेवा की विमान कंपनीचं नाव असलेलं काहीही वेगळं काढा. नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांत हवाई टपालवाल्यांकडे लेटरहेड असतात, त्यांना त्यात रस कमी असतो. परदेशी कागदांसाठी लंडनची इंटरनॅशनल बाँड अँड शेअर सोसायटी १९७८ पासून आहे. ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआय स्कॅन आणि तिरप्या उजेडातला एक फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, किंवा ‘खोटा निघाल्यास परत’ हे लेखी मिळालं नाही, तर घेऊ नका.

घरात आजोबांचे दुसरे जुने शेअर सापडले तर त्यांना संग्रहात टाकण्याआधी कंपनी जिवंत आहे का ते पाहा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं साधं हस्तांतर बंद झालंय, पण वारसाने नावावर करून घेता येतात, आणि दावा न केलेले शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेले असले तरी मागता येतात. एअर इंडिया लिमिटेडच्या जुन्या शेअरवर मात्र आजच्या एअर इंडियात काही हक्क पोहोचत नाही.

लॅमिनेशनबद्दल. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत वितळून बसतं, ते पुन्हा निघत नाही, उठावाचा शिक्का सपाट होतो आणि आतली आम्लता आतच राहते. संग्राहकाच्या दृष्टीने तो कागद संपला. सेलोटेपचंही तेच: डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार जातो. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे खिसे टाळा. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे खिसे घ्या, मागे आम्लविरहित जाड कागद, आणि घडी उलगडून आडवं ठेवा. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली पाहिजे. ६५च्या वर गेली की बुरशीचा धोका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवा. डांबरगोळ्या त्याच डब्यात नकोत. कसर लागलेला गठ्ठा आला तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत लावा. मूळ कागदच लावायचा असेल तर काचेला टेकणार नाही असा आम्लविरहित माउंट, अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाची खळ, आणि पावसाची ओल येणारी भिंत सोडून दुसरी.

आता न्यू जर्सी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाचा कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तूत मोडू शकतो, इतर वस्तूंसारखी १०० वर्षांची अट त्याला नाही. आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. व्याख्येत कागद कुठल्या देशाचा असाही भेद नाही, म्हणजे १९३०च्या दशकातलं कर्टिस-राइट आणि १९४६चं एअर इंडिया, दोन्हींवर प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे बहिणीच्या बॅगेत किंवा कुरियरने काही पाठवू नका. पाठवायचंच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे तज्ज्ञ समितीपुढे कागद नेऊन ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मागा, आणि ते मिळाल्याशिवाय परदेशी गिऱ्हाइकाशी सौदा करू नका. देशात छंद म्हणून घेणं-ठेवणं वेगळं, पण पुरावस्तूंचा नियमित व्यापार करायचा झाला तर परवाना लागतो. दुसऱ्या बाजूने अडचण कमी आहे: अमेरिकेतले कागद बहिणीने तिकडे विकत घेतले आणि तिकडेच ठेवले तर ते तिकडेच विकता येतात. म्हणून राइट-मार्टिनची साखळी तिच्या पत्त्यावर जमवा आणि भारतीय कंपन्यांची इथे. प्रत्येक कागदाची पावती, अनुक्रमांक, तारीख, छापखान्याचं नाव आणि स्कॅन एका वहीत नोंदवून ठेवा. कुठला कागद कधी, कुठून आला हे सिद्ध करायची वेळ आली तर तीच वही कामाला येईल.